कोपर ते व्हँकुव्हर, व्हाया महिपत

दोन गावांमधलं अंतर किती आणि वेळ किती लागेल, हे कोणी विचारलं की मला फार बरं वाटतं. कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत मी चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. काचेच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायचो. माझं नाव पोपट तावडे. पोपट हे नाव आणि माइकवर बोलायची नोकरी, यावर जे काही विनोद करता येतात ते चौतीस वर्षांत करून संपलेले आहेत, तेव्हा नवीन नकोत.

खरी गोष्ट अशी की ज्या गावांच्या गाड्या मी पुकारल्या, त्यातली निम्मीअधिक गावं मी पाहिलेली नाहीत. अक्कलकोटची गाडी फलाटावरून हलली की मी मनातल्या मनात मागच्या खिडकीपाशी बसून निघायचो. घाट लागायचा, गारवा सुटायचा, कुठल्याशा थांब्यावर कोणी भाजलेल्या शेंगा विकायला यायचं. मग कुणीतरी काचेवर नाणं आपटायचं, ‘ओ साहेब, भिवंडी कुठे लागते?’ आणि मी खोपटला परत यायचो. घरी, कोपरला, माझी बायको सगुणा म्हणायची, ‘तुम्ही जेवता तेव्हासुद्धा कुठेतरी गेलेले असता.’ ते खरं होतं. पण मी कुठे गेलेलो हे तिने कधी विचारलं नाही, नाहीतर अंतर सांगितलं असतं.

तर आमची मुलगी संचिता व्हँकुव्हरला असते. कॅनडात. जावई ऋतुराज हॉस्पिटलातल्या मशिनी दुरुस्त करतो, त्याच्या पाळ्यांचा भरवसा नाही. जानेवारीत तिचा फोन आला, की एप्रिलमध्ये बाळ होणार, तुम्ही दोघं या. हे सगळं ती हसत हसत बोलली. मग सगुणाने फोन घेतल्यावर तिचा आवाज एकदम लहान झाला. ‘आई, कळा सुरू व्हायच्या आत तू इथे हवीस गं. मला खूप भीती वाटते.’ फोन स्पीकरवर होता. मी उठून गॅलरीत गेलो आणि कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं, तरी घातलं.

तिकीट मिळालं ते चैत्रातल्या एका बुधवारचं, संध्याकाळी आठ दहाचं. दिल्लीत विमान बदलायचं. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी होती. एजंट म्हणाला, ‘काका, हे चुकवू नका. पुढची सीट बारा दिवसांनी आहे.’ मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाला हे सांगायची काय गरज?

रीतीप्रमाणे सगुणाने कल्याणच्या टेंबे गुरुजींना फोन करून दिवस विचारला. गुरुजी म्हणाले, ‘कॅनडा म्हणजे पश्चिम. बुधवारी पश्चिमेला काही अडचण नाही. निर्धास्त जा.’ गोष्ट इथेच संपायला हवी होती. दुसऱ्या कुठल्याही घरात ती इथेच संपली असती.

पण मी माळ्यावरून पृथ्वीचा गोल काढला.

हा गोल संचिताला पाचवीत वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून मिळालेला. त्याला एक पोचा आहे, तो प्रशांत महासागरात असल्यामुळे कुणाचं नुकसान झालेलं नाही. दुपारची जेवणं झालेली. गॅलरीत ऊन तिरपं आलेलं, कोपरच्या खाडीचा खारट वारा येत होता आणि सगुणा बाळासाठी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणत बसलेली. मी तिच्या गुंड्यातून हातभर लोकर तोडली, एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं व्हँकुव्हरवर नेलं, आणि लोकर ताणून घट्ट केली.

ती पश्चिमेला गेलीच नाही! भिंतीवरच्या नकाशात कॅनडा डाव्या हाताला असतो, म्हणून आपण पश्चिम म्हणतो. पण गोलावर लोकर सरळ वर चढली. दिल्ली उजव्या हाताला ठेवून, काश्मीरवरून, मग कुठले कुठले उंच डोंगर, मग सैबेरियाचं ते रिकामं पांढरं, मग थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने पलीकडे उतरून अलास्का, आणि तिथून खाली माझ्या मुलीचं गाव. मी लोकर धरून किती वेळ बसलेलो कोण जाणे. त्या पिवळ्या धाग्याखाली बर्फ चमकत होतं. एवढ्या मोठ्या पांढऱ्यावर एकही फलाट नव्हता, एकही चौकशीची खिडकी नव्हती, आणि त्याच्यावरून आम्ही दोघं चाललेलो, सगुणाच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा.

‘लोकर आणा इकडे,’ सगुणा म्हणाली. ‘टोपड्याला कमी पडेल.’

लोकरीने अंतर भरलं दहा हजार आठशे किलोमीटर. दुसऱ्यांदा मोजलं तर अकरा हजार तीनशे. लोकर ताणली की लांब होते आणि सोडली की आखडते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग शिवणाचा दोरा घेतला. गोलाचा घेर त्रेसष्ट सेंटिमीटर, पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर, त्रैराशिक मांडलं आणि आलं बारा हजार दोनशे पंचावन्न. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधली प्रीती विरजण मागायला आली. ‘काय करताय काका?’ मी सांगितलं. तिने मोबाइलवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘बारा हजार दोनशे पन्नास. साधारण.’

माझी अख्खी दुपार आणि तिचे दोन सेकंद. ‘पाच किलोमीटरचा फरक आहे,’ मी तिला सुनावलं. ‘तुझ्या मोबाइलला कळव.’

रात्रीच्या जेवणाआधी मी वहीत सगळं नीट लिहून काढलं. एसटीचा एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. म्हणजे कोपर ते व्हँकुव्हर दोन हजार त्रेचाळीस टप्पे. विमानाने, दिल्लीतला थांबा धरून, बावीस तास. आपल्या साध्या लाल गाडीने, चहापाणी आणि ड्रायव्हर बदली धरून, पंधरा दिवस. मधला समुद्र धरलेला नाही.

आणि मग अभिमानाच्या भरात मी टेंबे गुरुजींना फोन केला. एवढा मोठा शोध लागलाय आणि तो दोन माणसांनासुद्धा माहीत नाही, हे मला सोसेना. मी म्हटलं, ‘गुरुजी, आपली जरा चूक झाली. व्हँकुव्हर उत्तरेला आहे. दोरा लावून पाहिलंय.’

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज. ‘तावडे,’ गुरुजी म्हणाले, ‘उत्तर असेल तर पंचाईत आहे. बुधवारी उत्तरेला दिशाशूल. त्या दिवशी तिकडे पाऊल टाकू नये.’

मी फोन ठेवला तेव्हा सगुणा माझ्याकडे बघत होती. सगळं तिने ऐकलेलं.

‘पश्चिम होती तेव्हा सगळं छान होतं,’ ती म्हणाली. ‘कशाला मोजलंत?’

‘अगं, मी मोजलं नसतं तरी ते उत्तरेलाच होतं!’

‘असेल. पण मला माहीत नव्हतं ना!’ तिचे डोळे भरून आले. ‘पोरीचं पहिलं बाळंतपण. आणि तुम्ही दोरे लावत बसता.’

मी दोरा गुंडाळून तिच्या शिवणाच्या डब्यात परत ठेवला.

सोसायटीचे सेक्रेटरी साईनाथ जाधव तिसऱ्या मजल्यावर राहतात. सल्ला हा त्यांचा श्वास आहे. ते म्हणाले, दिल्लीपर्यंत उत्तर आहे ना, मग दिल्ली टाळा, दुबईवरून जा, म्हणजे पश्चिम. प्रीती म्हणाली, काका, घरातून निघताना आधी पूर्वेला रिक्षा स्टँडपर्यंत जा, म्हणजे निघालात ते पूर्वेला, पुढचं विमानाचं विमान बघेल. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, विमान उडताना आधी समुद्रावर जातंच, म्हणजे पश्चिम झालीच. ही सगळी भली माणसं आहेत, पण सगुणाला एकही सल्ला पटला नाही.

शेवटी गुरुजींनीच तोड काढली. ‘प्रस्थान ठेवा. सोमवारी सकाळी नऊ चाळीसचा मुहूर्त आहे. प्रवासातली एखादी वस्तू, नारळ-सुपारी घालून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरात नेऊन ठेवा. म्हणजे तुम्ही सोमवारीच निघालात असं झालं. बुधवारी जाताना ती उचला आणि पुढे चला.’

ही रीत आम्हाला ठाऊक होती, माझे वडील गावाहून मुंबईला यायचे तेव्हा शेजारच्या घरी त्यांची काठी जायची. पण उत्तरेचं घर कोणतं? मी गॅलरीत उभा राहून उत्तर दिशा धरून पाहिलं. आमच्या फाटकापासून बावीस पावलांवर, गल्लीच्या पलीकडे, अगदी नेमकं उत्तरेला महिपत केणींचं घर आहे. आणि महिपतशी मी चार वर्षं बोलत नव्हतो.

महिपत म्हणजे इथला मूळचा माणूस. आमची इमारत नव्हती तेव्हापासून त्यांची घरं आणि खाडीत त्यांच्या होड्या. त्याचा एक टेंपो आहे. चार वर्षांपूर्वी तो टेंपो आमच्या फाटकापुढे उभा राहायचा. मी तिथे ‘वाहन थांबवू नये’ अशी पाटी स्वतःच्या हाताने रंगवलेली. एका संध्याकाळी टेंपो पाटीखालीच उभा. मी खाली गेलो. महिपत हात जोडून म्हणाला, ‘काका, दोनच मिनटा. लेकीची हलद हाय.’ मी म्हटलं, ‘नियम म्हणजे नियम,’ आणि वाहतूक पोलिसांना फोन केला. टोइंगची गाडी आली आणि टेंपो घेऊन गेली. टेंपोत हळदीच्या जेवणाची पातेली होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे तसं आधीही कळलेलं. वास येत होता.

मी तक्रारीची प्रत जपून फाइलला लावलेली आहे. नियमाने मी बरोबरच होतो. हे वाक्य मी चार वर्षं रोज स्वतःला ऐकवत आलोय.

‘मी जाते,’ सगुणा म्हणाली. ‘तुमचं नाक मध्ये येत असेल तर.’

‘मी नेईन,’ मी म्हटलं. मग पिशवी भरायला बसलो. डेपोतली माझी जुनी रेक्झिनची पिशवी. नारळ, सुपारी, हळकुंड. सगुणाने तिचं एक पातळ घडी करून दिलं. मी म्हटलं, ‘गुरुजी म्हणाले प्रवासातली वस्तू. प्रवासात सगळ्यात महत्त्वाचं काय? विमानतळावर तुझ्या पातळाची चौकशी करत नाहीत.’ आणि मी दोघांचे पासपोर्ट पिशवीत घातले.

‘अहो, पासपोर्ट कशाला? राहू द्या घरात.’

‘काम करायचं तर पक्कं करायचं,’ मी म्हटलं. चौतीस वर्षं याच वाक्यावर माझी नोकरी चालली.

सोमवारी नऊ चाळीसला मी गल्ली ओलांडली. महिपत ओट्यावर जाळं सांधत बसलेला. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी चौतीस वर्षं माइकवर न अडखळता बोललो, पण तिथे अडखळलो. कसंबसं सांगितलं: मुलगी, बाळ, बुधवार, उत्तर, दोरा.

‘म्हंजे आमचा घर उत्तरेला हाय म्हून आलाव,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘नायतर नसता आलाव.’

‘...नाही.’

आतून त्याची आई आली. रखमाबाई, ऐंशीच्या पुढची. तिने माझ्या हातातली पिशवी सरळ काढून घेतली. ‘ठेव रं महिपत. बालंतपनाचा काम हाय. त्येच्यात भांडन नको.’ आणि ती पिशवी तिने देवाच्या फळीखाली नेऊन ठेवली, वर एक फूल ठेवलं. मी ‘येतो’ म्हणालो. महिपतने जाळ्याची पुढची गाठ मारली. मला मात्र कसं हलकं वाटलं. दोन रात्री मी छान झोपलो आणि झोपेत बर्फावरून जात राहिलो.

बुधवारी दुपारी बारा वाजता पिशवी उचलायला गेलो तर महिपतच्या दाराला कुलूप.

मी कुलपाकडे बघत राहिलो. शेजारची बाई म्हणाली, ‘त्ये कालच कार्ल्याला गेले, एकवीरा आईला. चैत्र हाय ना. सगली गेली टेंपोनी.’

‘पिशवी?’ मी विचारलं. तिला काय माहीत असणार?

घरी येऊन सांगितलं तेव्हा सगुणा ओरडली नाही. ती बॅगेवर बसली. टोपडं तिच्या हातात होतं, ते तिने नुसतं उलट-सुलट केलं. ‘बारा दिवस,’ ती म्हणाली. ‘ती एकटी असेल हो.’ माणसाने ओरडावं, त्याला उत्तर देता येतं.

साईनाथ जाधव धावत आले. म्हणाले, कुलूप तोडा, मी ठराव करून देतो. प्रीती म्हणाली, आधी फोन करा ना त्यांना. फोन करा! ज्या माणसाशी चार वर्षं बोललो नाही त्याचा नंबर माझ्याकडे कुठून असणार? गल्लीत विचारलं, तर ज्यांच्याकडे असेल ते सगळे कार्ल्याला.

आणि मग मला आठवलं. मी कपाटातून फाइल काढली. ‘विषय: सोसायटीच्या फाटकासमोर बेकायदा उभ्या राहणाऱ्या टेंपोबाबत.’ मी काम पक्कं करणारा माणूस. गाडीचा नंबर, रंग, आणि मागच्या फळीवर रंगवलेला मालकाचा मोबाइल नंबर, सगळं माझ्या हस्ताक्षरात. खाली ‘कडक कारवाई व्हावी’. त्याच्यावरची ओळ वाचून मी फोन लावला.

‘कोन?’

‘मी तावडे. समोरचा.’

‘हां काका! तुमची पिशवी आयेच्या मांडीवर हाय. ती बोलली, बंद घरान दुसऱ्याची वस्त नको, देवीचे पायाला लावून आनू. आमी दुपारी घरी पोचतावच होतो, पन घाटान ट्रक आडवा झालाय. गाड्या हलत नाय.’

म्हणजे उत्तरेला ठेवलेलं आमचं प्रस्थान टेंपोत बसून दक्षिणेला घाट चढलेलं! ‘महिपत, त्यात आमचे पासपोर्ट आहेत.’

तिकडे मागे हॉर्न वाजत होते. ‘पासपोर्ट ठेवलाव प्रस्थानान? काका, तुमी मोठा सायब होतात ना?’ मग त्याचा आवाज बदलला. ‘घरी येत नाय आता. तुमी सरल विमानतलावर जा. मी तिकडेच येताव.’

कागद हातात नसताना मी आयुष्यात गाडी सोडलेली नाही. पण त्या दिवशी टॅक्सीत बसलो. सगुणाच्या हातावर प्रीतीने दही ठेवलं. वाटेत ऐरोलीच्या खाडीपुलावर पाणी इतकं शांत होतं, की मला वाटलं आपण आत्ताच उडतोय आणि खाली बर्फ आहे. मी मनात हिशेब करत होतो. घाटाचा पायथा ते विमानतळ, बारा-तेरा टप्पे, ताशी चाळीस, वाशीला गर्दी. हिशेब दर वेळी वेगळा येत होता, लोकरीसारखा.

विमानतळाच्या दारावर जवान म्हणाला, ‘पासपोर्ट दाखवा.’ मी म्हटलं, ‘येतायत.’ त्याने आम्हाला बाजूला उभं केलं. पाच वाजले. साडेपाच वाजले. संचिताचा मेसेज आला, ‘बसलात का आत?’ सगुणाने फोन माझ्याकडे दिला. मी काय लिहिणार? ‘दारात आहोत’ असं लिहिलं. ते खरंच होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी महिपतचा फोन. ‘काका, खाली हाव. चढावावर सोडत नाय, मालाची गाडी बोलतात.’

मी धावलो. या गुडघ्यांनी मी खोपटला शेवटच्या बससाठीसुद्धा धावलेलो नाही. चढावाच्या तोंडाशी तो टेंपो उभा होता, आणि पुढे वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत होता. ‘गाडी पुढे घे! इथे थांबायचं नाही!’ पुढच्या सीटवर रखमाबाई, मांडीवर माझी रेक्झिनची पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मागे त्यांचं सगळं घरदार उन्हाने लाल झालेलं, देवीचा गुलाल कपाळाला.

मी पोलिसापुढे हात जोडले. ‘साहेब, दोनच मिनिटं थांबू द्या. मुलीचं बाळंतपण आहे.’

‘काका,’ पोलीस म्हणाला, ‘नियम म्हणजे नियम.’

मी महिपतकडे पाहिलं नाही. पाहवेना. तो ऐकत होता हे मला माहीत होतं. लाज कानापर्यंत चढली आणि मी तसाच हात जोडून उभा राहिलो. पोलिसाने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, टेंपोतल्या म्हातारीकडे बघितलं, आणि घड्याळ वर करून म्हणाला, ‘दोनच मिनिटं. तिसरं नाही.’

रखमाबाईने पिशवी माझ्या हातात दिली. कागदाची एक पुडीही दिली. ‘आईचा कुंकू हाय. पोरीला लाव. लेकराला पन.’

‘महिपत,’ मी म्हटलं, ‘तुझ्या लेकीच्या हळदीला मी...’

‘काका, टाइम जातोय,’ तो म्हणाला. त्याने गिअर टाकला, मग काचेतून डोकं बाहेर काढलं. ‘आनी आता मी निघाल्यावर फोन नका करू हां कोनाला!’ आणि तो हसला. सगळा टेंपो हसला. मीही हसलो, पण माझे डोळे भरलेले होते.

आता हे लिहितोय ते सीटच्या पाठीमागच्या छोट्या टेबलावर, एसटीच्या वहीत. सगुणा खिडकीला डोकं लावून झोपलीय, पिवळं टोपडं मुठीत. समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान माझ्या दोऱ्यासारखंच वर वर चाललंय. दिल्ली मागे राहिली. खाली बर्फ असेल, दिसत नाही, पण माझ्या पायांना तो गारवा लागतोय. पिशवी मांडीवर आहे आणि तिला गुलालाचा आणि सुक्या बोंबलाचा वास येतोय. शेजारच्या प्रवाशाने दोनदा नाक वळवलं, पण मी पिशवी वर ठेवलेली नाही.

वहीत आजची नोंद केलीय. कोपर ते व्हँकुव्हर: दोन हजार त्रेचाळीस टप्पे. वेळ, बावीस तास. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, कारण काम करायचं तर पक्कं करायचं.

आमचं फाटक ते महिपतचं दार: बावीस पावलं. वेळ, चार वर्षं.